फेऱ्या बंद करा, वस्तीत या

दर नोव्हेंबरात बाल हक्क सप्ताह येतो आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बाल न्यायाची जनजागृती उरकली जाते. शाळेतली मुलं सकाळी रांगेत उभी करायची, त्यांच्या हातात घोषणांचे फलक द्यायचे, तहसील कचेरीपर्यंत फेरी न्यायची. मग सभागृहात दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन भाषणं, आभार आणि फोटो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी, महिनाअखेरीस अहवालात एक रकाना. अशा कार्यक्रमांत मी श्रोता म्हणून बसलो आहे, वक्ता म्हणूनही मला बोलावलं गेलं आहे. माझं मत स्पष्ट आहे. ज्या मुलांसाठी बाल न्यायाचा कायदा झाला, त्यांची ही फसवणूक आहे.

सभागृहात कोण बसलेलं असतं ते पाहा. आठवी-नववीची गणवेशातली मुलं, त्यांचे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पहिल्या रांगेत अधिकारी. ज्याला उद्या पोलीस उचलणार आहेत तो मुलगा तिथे नसतो. त्याने सहावीत शाळा सोडली आहे. तो गॅरेजात, भंगाराच्या दुकानात, नाहीतर लग्नाच्या हंगामात केटररकडे ताटं धुतो आहे. त्याची आई त्या वेळी चौथ्या घरची भांडी घासत असते. सकाळी अकराच्या कार्यक्रमाला ती येणार नाही, हे आयोजकांना ठाऊक असतं. तरीही वेळ दरवर्षी अकराचीच ठरते.

बाल न्याय अधिनियम २०१५चा. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याचं कलम १०८ सांगतं की या कायद्याची माहिती मुलं, पालक आणि सामान्य लोकांपर्यंत नियमितपणे पोहोचवणं हे सरकारचं कर्तव्य आहे. आता कुठल्याही शहरातल्या झोपडपट्टीत जा आणि बाल न्याय मंडळ म्हणजे काय हे दहा बायकांना विचारा. रिमांड होम सगळ्यांना माहीत असतं, कारण धाक घालायला तो शब्द घरोघरी वापरतात. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात, त्या दोघांपैकी किमान एक बाई असलीच पाहिजे, हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

मुलाला उचलल्यावर ही आई रात्री पोलीस ठाण्याच्या फाटकाशी उभी राहते. त्या घटकेला तिला सगळ्यात जास्त गरज असते ती पाच-सहा साध्या गोष्टी माहीत असण्याची. पोराला कोठडीत ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला मंडळापुढे हजर करावंच लागतं. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि त्याला भेटायचा तिला हक्क आहे. वकील फुकट मिळतो. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर सोडणं हा नियम आहे आणि अडवून ठेवणं हा अपवाद. यातलं तिला काहीही माहीत नसतं, म्हणून ती हात जोडते, दागिना गहाण टाकून कुणातरी दलालाला पैसे देते, दाखवतील त्या कागदावर अंगठा उठवते. फेरीतल्या घोषणा त्या रात्री तिच्या काय कामाच्या?

कायद्याची माहिती आज पैशाच्या मागोमाग जाते. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. सारा महाराष्ट्र संतापला, आणि संताप रास्त होता. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली, मंडळाच्या दोन सदस्यांना सरकारने काढून टाकलं. पण त्या आठवड्यात बाल न्याय यंत्रणेतला एकही माणूस लोकांपुढे येऊन बोलला का? जामीन हा त्या कायद्यातला सर्वसाधारण नियम आहे, तो भंगार गोळा करणाऱ्या पोरालाही तितकाच लागू आहे, चूक झाली असेल तर ती कुठे झाली आहे, एवढं तरी कुणी समजावून सांगायला हवं होतं. मेलेल्या मुलांच्या आईबापांना पुढची कार्यवाही काय, हे सांगणंही या यंत्रणेचंच काम होतं. खरी जनजागृती करायची संधी होती ती त्या सात दिवसांत. सगळे गप्प बसले. लोकांनी त्यावरून जो निष्कर्ष काढायचा तो काढला, की हा कायदा श्रीमंतांच्या पोरांना सोडवायला केला आहे. या समजाचा फटका कुणाला बसतो? ज्या पोरांकडे वकील नाही, त्यांना.

दुसरं प्रकरण याहून भयंकर आहे, आणि तेही पुण्याचंच. ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरात सात जणांचा निर्घृण खून झाला. राजस्थानातून कामासाठी आलेल्या एका मुलाला त्यात फाशीची शिक्षा झाली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या गावच्या शाळेतली नोंद ग्राह्य धरली आणि गुन्ह्याच्या दिवशी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता असं मान्य केलं. तोवर अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली बरीच फाशीच्या छायेत. खून झालेल्यांबद्दल माझ्या मनात तसूभर कमी दुःख नाही. पण एवढ्या वर्षांत एवढ्या कोर्टांपुढे, एवढ्या वकिलांपुढे, तुरुंगाची पाहणी करणाऱ्या एवढ्या समित्यांपुढे तो उभा राहिला, आणि शाळेच्या हजेरीपटातली एक ओळ कुणी मागवली नाही. मोठ्यांच्या तुरुंगांना भेट देऊन तिथे एखादं मूल अडकलं आहे का हे पाहणं, हे आजच्या कायद्यात मंडळाचं नेमून दिलेलं काम आहे. किती मंडळं ते नेमाने करतात, हे त्यांनी फेरीच्या फोटोंशेजारी छापावं.

वयाचा कागद ही गरिबांच्या मुलांची सगळ्यात मोठी अडचण आहे. ठाण्यात सतरा वर्षांच्या मुलाचं वय एकोणीस लिहिणं अगदी सोपं. मिशी फुटली आहे, अंगाने थोराड आहे, झालं. एकदा एकोणीस लिहिलं की मंडळ नाही, निरीक्षणगृह नाही, थेट मोठ्यांचा तुरुंग. शाळेचा दाखला सगळ्यात आधी पाहायचा, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम कलम ९४ मध्ये घालून दिलेला आहे. हे एक वाक्य वस्तीतल्या प्रत्येक भिंतीवर रंगवलं असतं तर किती मुलं वाचली असती! भिंतींवर मात्र ‘मुले ही देवाघरची फुले’ लिहिलेलं असतं.

पारध्यांच्या बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, तर हे फेऱ्या काढणारे लोक फिरकतसुद्धा नाहीत. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. गावात चोरी झाली की आजही पहिली गाडी बेड्यावरच जाते आणि बापासोबत पोरही उचललं जातं. तिथल्या मुलांकडे दाखला नसतो, कारण बाप सहा महिने एका गावी आणि सहा महिने दुसऱ्या गावी. बाल न्यायाची गरज सगळ्यात जास्त जिथे आहे, तिथे या यंत्रणेचा माणूस पोहोचत नाही. पोलीस मात्र बरोबर पोहोचतात.

मला सांगतात, माणसं कमी आहेत, परिवीक्षा अधिकाऱ्यावर कामाचा डोंगर आहे, मंडळातली पदं रिकामी आहेत. खरं आहे. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या अभ्यासात देशातल्या ३६२ मंडळांपुढची निम्म्याहून अधिक प्रकरणं प्रलंबित आढळली, आणि कायद्याने तर चौकशी चार महिन्यांत संपवायची आहे. पण माणसं कमी असतील तर ती फेरीला कशाला लावता? निरीक्षणगृहाच्या दारात, जिथे आया सकाळपासून ताटकळतात, तिथे एक टेबल टाकून बसा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मंडळाच्या आवारात मदत कक्ष चालवून दाखवला आहे. गावोगावी सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समित्या कागदावर आहेतच. त्यांची बैठक रात्री आठला घ्या, शेतावरून माणसं परतल्यावर. पोलीस पाटलाला त्यांच्यापुढे बसवून चोवीस तासांचा नियम वाचून दाखवा.

कोयते नाचवणाऱ्या पोरांचे लाड कशाला, असं म्हणणारे बरेच आहेत. गाड्या फुटलेल्या, मार खाल्लेल्या माणसाचा राग मला कळतो. पण हा कायदा मोकाट सोडत नाही. विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवता येतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अत्यंत गंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, याची तपासणी होते. ज्याच्यावर वार झाला त्यालाही हे कुणी येऊन सांगत नाही. म्हणून तो पोराला चौकात बडवल्याच्या व्हिडिओवर समाधान मानतो आणि तो व्हिडिओ पुढे पाठवतो. मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैदेचा किंवा दोन लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, हे ना त्याला माहीत, ना व्हिडिओ टाकणाऱ्या स्थानिक पुढाऱ्याला.

यंदाच्या सप्ताहाचं नियोजन सुरू झालं असेल. मंडळाच्या सदस्यांना आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला माझं सांगणं आहे की फ्लेक्सचा पैसा वाचवा आणि एक पानी पत्रक छापा, मोठ्या अक्षरात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता त्यावर घाला आणि ते रेशन दुकानात, दवाखान्यात, देशी दारूच्या दुकानाबाहेर वाटा. मुख्याध्यापकांनो, कुणी आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली तर तिला उद्या या म्हणू नका. आणि वाचकहो, तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईचा मुलगा पकडला गेला तर तिच्यासोबत ठाण्यात जा, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव विचारा, दाखल्याची प्रत दाखवा, १०९८ ला फोन करा आणि मुलाला मंडळापुढे किती वाजता हजर करणार ते लिहून मागा.