पुन्हा कॅट देताना पाटी कोरी करू नये

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या, म्हणजेच आयआयएमच्या, प्रवेशासाठी होणाऱ्या कॅट या परीक्षेत अपेक्षित यश न मिळालेल्या विद्यार्थ्याला बहुधा एकच सल्ला मिळतो : नोकरी सोडावी, वर्षभर ‘ड्रॉप’ घ्यावा, नवा क्लास लावावा आणि पहिल्या प्रकरणापासून सारे पुन्हा करावे. गुण कमी पडले ते अभ्यास कमी पडला म्हणूनच, असे या मताचे गृहीतक आहे. ते सर्वस्वी खोटे नाही. ज्याची टक्केवारी, समीकरणे वा भूमिती मुळातच कच्ची आहे, त्याला पायापासून आरंभ करण्यावाचून गत्यंतर नाही. परंतु त्याचे औषध सर्वांनाच पाजणे सयुक्तिक ठरत नाही.

कॅटमध्ये ज्ञानाइतकीच निवडीचीही परीक्षा होते. भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित या तीन विभागांना प्रत्येकी 40 मिनिटे मिळतात व एका विभागातील उरलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. बरोबर उत्तराला 3 गुण मिळतात, तर बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास 1 गुण वजा होतो. समजा, कोणी असे 40 प्रश्न सोडवले आणि त्यांतील 24 बरोबर, 16 चूक आले, तर हाती 56 गुण येतात. त्याच 16 पैकी 8 प्रश्नांना हात लावला नसता, तर एकही नवे सूत्र न शिकता ते 64 झाले असते. शिवाय अनेक आयआयएम एकूण गुणांबरोबर प्रत्येक विभागासाठीही किमान पर्सेंटाइलची अट घालतात. पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे, तर शेकडा किती परीक्षार्थी मागे राहिले याचे माप. त्यामुळे एक विभाग कच्चा असताना सगळेच सारखे घोकणे व्यर्थ होय. नोकरी सोडण्याचा सल्लाही तपासूनच घ्यावा, कारण दहावी-बारावीच्या गुणांप्रमाणे कामाचा अनुभवही अनेक आयआयएम निवडीत जमेस धरतात. जुने गुण बदलता येत नाहीत, अनुभव मात्र वाढवता येतो.

म्हणून दुसऱ्या प्रयत्नाचे पहिले पाठ्यपुस्तक म्हणजे पहिल्या प्रयत्नाची उत्तरपत्रिका. तीतील चुकांचे तीन गट पाडावेत : संकल्पना न कळल्यामुळे झालेल्या, घाईत झालेल्या आणि सोडून द्यायचा प्रश्न धरून ठेवल्यामुळे झालेल्या. पहिल्या गटासाठी पुस्तक, दुसऱ्यासाठी आकडेमोडीचा सराव आणि तिसऱ्यासाठी वेळ लावून दिलेल्या सराव चाचण्या हा उपाय होय. तर्काच्या विभागात एकाच माहितीवर बेतलेल्या प्रश्नांचा चुकीचा संच धरला आणि 10 मिनिटे गेली, तर विभागाचा चौथा हिस्सा बुडतो. ही चूक कितीही सूत्रे पाठ केली तरी सुधारत नाही. सराव चाचण्याही संख्येने वाढवण्यापेक्षा, प्रत्येकीच्या तपासणीला ती सोडवण्यापेक्षा अधिक वेळ देणे फलदायी ठरते.

कॅटचे गुण एकाच प्रवेशवर्षापुरते चालतात. न तपासलेल्या चुका मात्र पुढच्या वर्षीही तशाच चालत राहतात.