विश्लेषण : विंडोज १० ची मुदत संपली, घरातल्या जुन्या लॅपटॉपचे करायचे काय?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. चांगले चालणारे अनेक लॅपटॉप त्यामुळे निकामी ठरू लागले आहेत. त्याच घरांतले फोन ‘स्टोअरेज भरले’ म्हणत मासिक शुल्क मागत आहेत. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने हे दोन्ही प्रश्न सुटू शकतात का? सुटू शकतात, पण एका अटीवर.

लॅपटॉप चालतो आहे, मग अडचण काय?

लॅपटॉप बंद पडत नाही, पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटी उघड्याच राहतात. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची योजना आणली. त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप, रॅम भरपूर असली तरी बाद.

लिनक्स घरच्यांना जमेल?

ब्राउझर, यूट्यूब, नेट बँकिंग आणि पत्र टाइप करणे एवढाच वापर असेल, तर नक्की. ‘लिनक्स मिंट’ला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर काम सुरळीत चालते. पेनड्राइव्हवरून सुरू करून, लॅपटॉपमधले काहीही न पुसता ते आधी वापरून पाहता येते. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस आहे आणि मराठी टायपिंगही होते. केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. मात्र टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि काही प्रिंटरही अडतात. ही कामे असतील, तर घाई नको.

याचा फोटोंशी काय संबंध?

गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबीच मोफत मिळतात. ‘इमिच’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर बसवले, तर फोनमधले फोटो घरच्या वाय-फायवरून तिथे जमा होतात. चेहऱ्यावरून माणूस शोधण्याची सोयही त्यात आहे आणि ते काम लॅपटॉपवरच होते. त्यासाठी ८ जीबी रॅम असलेली बरी. फाइल आणि कॅलेंडरसाठी ‘नेक्स्टक्लाउड’ आहे.

खर्च किती?

ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. वीज आणि हार्ड डिस्क मात्र आपली. लॅपटॉप सरासरी १५ वॅट खातो असे धरले, तर महिनाभर अखंड चालवायला सुमारे ११ युनिट लागतात. सतत चार्जिंगला राहिलेली जुनी बॅटरी फुगू शकते, तिच्यावर लक्ष हवे.

घराबाहेरून फोटो दिसतील?

अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून थेट घरच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचता येत नाही. त्यासाठी ‘टेलस्केल’सारखी खासगी जोडणी वापरावी. माहिती नसताना राउटरचे पोर्ट उघडणे म्हणजे घराचे दार सताड उघडे टाकणे.

मग ती अट कोणती?

बॅकअपची. फोटो लॅपटॉपवर गेले म्हणून फोनमधले पुसले, की लॅपटॉपवरची प्रत हीच एकमेव प्रत उरते. तिला बॅकअप म्हणता येत नाही. डिस्क बिघडली तर बारशापासूनचे फोटो एका दिवसात जातात आणि तक्रार करायला ग्राहक सेवा क्रमांकही नसतो. म्हणून ३-२-१ चा नियम पाळावा : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. दुसऱ्या हार्ड डिस्कवर दर महिन्याला प्रत काढून ती बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवली, तरी पुरते. त्या प्रतीतले दोन-चार फोटो अधूनमधून उघडून पाहावेत.

आणखी एक गोष्ट. बहुतेक घरांत हे सगळे एकच जण बसवतो. तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला आणि लॅपटॉप बंद पडला, तर आई-बाबांचे अडते. पासवर्ड आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करण्याची पद्धत एका वहीत मराठीत लिहून ठेवा. ती वही वाचून घरातल्या दुसऱ्या कुणाला तुमच्या मदतीशिवाय फोटो उघडता आले, तरच गुगलवरचे फोटो पुसायचा विचार करा.