अंगठा सुटेल, पण कसा?



रायपूरच्या एका भगिनींची साडेपाच वर्षांची कन्या पुन्हा अंगठा चोखू लागली आहे. तिसऱ्या वर्षी सुटलेली ही सवय धाकटा भाऊ घरी आला आणि परतली. आजीबाईंनी अंगठ्याला कडुलिंबाचा रस लावून पाहिला, आता मिरचीचा विचार चालू आहे. शेजारणीने तर मुलीदेखतच, ‘दात पुढे येतील, लग्नाची पंचाईत होईल,’ असे सांगून टाकले. यात खरे किती, असे आईने विचारले आहे.

अंगठा चोखणे हा मुळात दोष नव्हे. मूल ते मातेच्या उदरातच शिकते. वटपत्रावरील बाळमुकुंद तर पायाचा अंगठा चोखतो आणि आपण त्या चित्राला भक्तिभावाने हात जोडतो! बहुतेक मुले २ ते ४ वर्षांच्या दरम्यान ही सवय आपण होऊन सोडतात. तोवर दुधाच्या दातांत पडलेली फट पुढे बहुधा भरून येते.

काळजीचा काळ सुरू होतो तो कायमचे दात येऊ लागले म्हणजे, सहाव्या वर्षाच्या सुमारास. अंगठ्याने वरचे पटाशीचे दात पुढे रेटले जातात, खालचे आत झुकतात आणि दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते. मग पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही. जीभ फटीतून डोकावते व ‘स’चा उच्चार बोबडा होतो. पुढे आलेले दात पडण्याझडण्यात लवकर मोडतात, ते निराळेच. जबड्यावरील परिणाम मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. अंगठ्यामुळे जीभ टाळूपासून खाली दाबली जाते. आतून जिभेचा आधार सुटतो, बाहेरून गालांचा दाब चालूच राहतो. त्यामुळे वाढता वरचा जबडा अरुंद होतो. येथे जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा. घटकाभर चोखलेल्या अंगठ्यापेक्षा रात्रभर तोंडात राहिलेला अंगठा अधिक अपाय करतो.

मिरची नको. तो हात डोळ्यांकडेही जातो. शिवाय आधार शोधणाऱ्या मुलीला आपण चटका देतो. तिला आरशासमोर बसवून दात दाखवावेत, समजावून सांगावे. अंगठ्याविना गेलेल्या रात्रीची खूण दिनदर्शिकेवर तिनेच करावी. तिची संमती असेल तर झोपताना हातावर सुती मोजा चढवावा. एवढ्यानेही सवय सुटली नाही, तर दंतवैद्यांना दाखवावे. रायपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहेच. टाळूशी बसविण्याची तारेची जाळी हा शेवटचा उपाय, आणि तोही मुलीची तयारी असेल तरच.

त्या भगिनींना आम्ही इतकेच कळविले आहे की, रात्री धाकट्याला पाजून झाल्यावर दहा मिनिटे थोरलीजवळ पडावे आणि तिचा तो हात आपल्या हातात घ्यावा. शेजारणीचे काय करावे, हे मात्र त्यांच्यावरच सोपविले आहे.