सुई की आकडे?

'विनाइलच्या तबकडीचा आवाज तो आवाज! डिजिटल म्हणजे नुसता कोरडेपणा,' हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. २०२२ साली अमेरिकेत विनाइलच्या तबकड्यांनी विकल्या गेलेल्या नगांच्या संख्येत सीडीला मागे टाकलं, तेही १९८७ नंतर पहिल्यांदाच. आपल्याकडेही हौशी मंडळी टर्नटेबल घेऊ लागली आहेत. हौसेला मोल नाही, हे मान्य. पण हौसेला विज्ञानाचा मुलामा चढवला जातो, तेव्हा निदान इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी तोंड उघडायला हवं.

पहिला आरोप ठरलेला असतो. डिजिटल म्हणजे पायऱ्या पायऱ्यांचा आवाज, मधला भाग गायब! सिग्नल्सचा पेपर दिलेल्यांनी हे ऐकून गप्प बसू नये. सर्वांत वरच्या कंप्रतेच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने नमुने घेतले, तर मूळ लहर पूर्ण परत मिळते. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. फिल्टरमधून बाहेर पडणारी लहर गुळगुळीतच असते. पायऱ्या फक्त पुस्तकातल्या आकृतीत दिसतात.

आता तबकडीकडे वळू. खर्जाचा स्वर जसाच्या तसा कोरला तर खाचेची नागमोड इतकी रुंद होईल की एका बाजूला मोजकीच मिनिटं मावतील. म्हणून कोरताना खर्ज कमी करतात, वरचे स्वर वाढवतात आणि वाजवताना फोनो प्रीॲम्प ते उलट करतो. दुसरी अडचण भूमितीची. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबायचं, म्हणून शेवटच्या गाण्यात 'स', 'श' फाटल्यासारखे येतात. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल असतं. चांगल्या तबकडीवर साधारण ७०. मोजमापात सामना एकतर्फी आहे.

मग काही वेळा तबकडी खरंच छान का वाटते? कारण बहुतेकदा मास्टरिंगमध्ये असतं. १९९० नंतर गाणी जास्तीत जास्त मोठ्याने वाजावीत म्हणून कंपन्यांनी सीडीवरचे चढउतार दाबून टाकले. मेटालिकाचा २००८ सालचा 'डेथ मॅग्नेटिक' हे त्याचं गाजलेलं उदाहरण. तोच अल्बम 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेला होता आणि चाहत्यांना तो जास्त आवडला. गेमही डिजिटलच होता की! म्हणजे दोष सीडीचा नव्हता, ती भरणाऱ्यांचा होता.

आणि कानाची खात्री किती धरायची? मोबाइल फिडेलिटी ही महागड्या तबकड्या काढणारी अमेरिकन कंपनी. त्यांच्या अनेक तबकड्या डिजिटल प्रतीवरून कोरल्या जात होत्या, हे २०२२ मध्ये उघड झालं. हा प्रकार २०११ पासून सुरू होता आणि तोवर त्याच तबकड्यांचं 'शुद्ध ॲनालॉग' म्हणून कौतुक चाललं होतं! म्हणून पैजा लावायच्याच असतील, तर एकाच मास्टरिंगची तबकडी आणि फाइल घ्या, आवाजाची पातळी मीटरने सारखी करा, डोळे बांधा आणि मग बोला. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. आणि खिशात पैसे असतील तर आधी स्पीकरवर घाला. होस्टेलच्या उघड्या भिंतींवरून आदळणारा आवाज एखाद्या जाड गादीने जितका सुधारेल, तितका सुई बदलून सुधारणार नाही.

याचा अर्थ तबकड्या भंगारात द्या असा मुळीच नाही, उलटच आहे. आपल्या घरांतल्या माळ्यांवर नाट्यगीतांच्या, शास्त्रीय गायनाच्या जुन्या रेकॉर्ड्स पडल्या आहेत. त्यांतल्या काहींच्या सीडी कधी निघाल्याच नाहीत. तिथे तबकडी सरस आहे की सीडी हा वादच फिजूल, कारण दुसरी प्रतच नाही. आणि प्रत्येक वेळी सुई फिरली की खाच थोडी झिजतेच. अशी रेकॉर्ड स्वच्छ पुसून, योग्य सुईने एकदा नीट वाजवून डिजिटल प्रत करून ठेवणं, हे आपल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबला सहज जमेल. फक्त लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डला एलपीची बारीक सुई लावू नका. तिची खाच रुंद असते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल, तेव्हा माळा जरूर बघा. भंगारवाला आपल्याआधी पोचला, तर ॲनालॉगही गेलं आणि डिजिटलही.