ईश्वराचा वाद आणि साताऱ्याचे व्यासपीठ

डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर हे दोघेही जन्माने सातारचे आणि दोघेही विद्येने डॉक्टर. लागूंचा जन्म १९२७ चा, दाभोलकरांचा १९४५ चा. एकाने शस्त्रक्रियेची हत्यारे बाजूला ठेवून रंगभूमी जवळ केली, दुसऱ्याने साताऱ्यातील दवाखाना सोडून चळवळ पत्करली. पुढे या दोघांनी ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ या नावाने महाराष्ट्रात गावोगावी जे कार्यक्रम केले, त्यांचे स्वरूप आज मुद्दाम आठवावे असे आहे. परमेश्वर ही कल्पना कालबाह्य झाली असून तिला आता निवृत्त करावे, असे लागू निःसंदिग्धपणे मांडत. त्याच व्यासपीठावरून दाभोलकर सांगत की, देवाधर्माला विरोध ही महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका नाही. तिचा विरोध आहे तो शोषणाला. एकाच चळवळीतील दोन प्रमुख माणसांनी आपला मतभेद झाकून न ठेवता तो श्रोत्यांपुढे उलगडून दाखवावा, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक जीवनात वाटते तितकी सुलभ नाही.

दाभोलकरांच्या भूमिकेवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. कट्टर नास्तिकांना ती बोटचेपी वाटली. सनातन्यांना तो नास्तिकतेवर चढविलेला मुखवटा वाटला. परंतु सातारा जिल्ह्याचा भूगोल ज्याने पाहिला आहे, त्याला या भूमिकेमागील शहाणपण उमगण्यास हरकत नसावी. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुक्याला ५०० मिलिमीटरच्या आसपास भागवावे लागते, आणि तोही वेळेवर येईल याची शाश्वती नसते. जेथे पिकाची हमी नाही आणि आजारपणात आधार नाही, तेथे नवस हा गरिबाचा विमाच असतो. त्याचा हप्ता नारळाच्या, कोंबड्या-बकऱ्यांच्या रूपाने भरला जातो. भरपाई क्वचितच पदरी पडते, हे खरे. पण दुसरा विमा उपलब्ध नसताना याच विमेदाराला मूर्ख ठरविणे हे तर्कशुद्धतेचे लक्षण नव्हे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी विचारण्याजोगे प्रश्न होते ते निसरड्या पायऱ्यांचे, दाटीवाटीने उभ्या दुकानांचे आणि प्रशासनाच्या तयारीचे. काळूबाई आहे की नाही, यावर त्यांची उत्तरे मुळीच अवलंबून नव्हती. दाभोलकरांनी आपल्या कार्याची हद्द आखली ती अशाच प्रश्नांपाशी.

तथापि लागूंची बाजू गाळून नुसती दाभोलकरांची बाजू ठेवली, तर उरते काय? भोंदू बाबांचा पाठलाग. तो आवश्यक आहे, पण ते मुख्यतः पोलिसांचे काम आहे. एक बाबा तुरुंगात गेला की त्याच्या जागी दुसरा येतो, कारण मागणी कायम असते. ती मागणी कोठून निर्माण होते, हे शोधावयाचे तर मूळ प्रश्नाला हात घालावाच लागतो.

आणि हा प्रश्न या भूमीला परका नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला तो बुद्धीला पटेल तेच बोलण्यासाठी. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. त्यांनी निर्मिक मानला, पण त्याच्यापर्यंत पोहोचविणारा मध्यस्थ नाकारला. बाजाराच्या भाषेत सांगावयाचे तर दलाली बंद केली, पेढी चालू ठेवली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेची कथा तर याहून उद्बोधक आहे. नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी शिकलेले विनोबा जन्मभर ईश्वरनिष्ठ राहिले. त्याच गुरूपाशी शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी पुढे ‘हिंदू धर्माची समीक्षा’ लिहिली. दोघांनाही पाठशाळेने आपले मानले. पूर्वपक्ष प्रतिपक्षाला मान्य होईल अशा रीतीने मांडावा आणि मगच त्याचे खंडन करावे, हा जुन्या शास्त्रार्थाचा दंडक तेथे नुसता पाठ करून घेतला जात नसावा.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. जो कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो कायदा संमत केला. या कायद्याने पूजा, वारी, कीर्तन, प्रवचन, प्रदक्षिणा यांना स्पष्टपणे वगळले आहे. कित्येक वारकरी संघटनांचा आक्षेप याच मुद्द्यावर होता. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने खुनाबद्दल दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले.

कायदा झाला, निकालही लागला. परंतु २०१९ मध्ये लागूही गेले आणि व्यासपीठावरच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या. जादूटोण्याने नाडल्या जाणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. शंका विचारणाऱ्याच्या वाट्याला मात्र १९२७ मध्ये दंडविधानात घातलेले आणि आता भारतीय न्याय संहितेत २९९ व्या कलमात आलेले धार्मिक भावना दुखावण्याचे कलम आहे. त्यात बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूची अट आहे, हे खरे. पण हेतूचा निवाडा न्यायालयात होतो. तक्रार त्याआधीच नोंदली जाते, आणि तेवढ्याने सभागृहाचे व्यवस्थापक सभागृह नाकारू लागतात. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवून घेणारे सगळ्या देशात सुमारे ३३ हजार निघाले. एका मोठ्या यात्रेला एका दिवसात याहून अधिक माणसे लोटतात. एवढ्या थोड्यांच्या बोलण्याने एवढ्या मोठ्या श्रद्धेला धोका पोहोचतो असे मानणे, हा त्या श्रद्धेचा गौरव खासच नाही.

जिल्ह्यातील महाविद्यालयांनी हा वाद पुन्हा सुरू करावयास हवा. एखादे विद्वान कीर्तनकार आणि एखादा नास्तिक प्राध्यापक यांना समोरासमोर बसवावे आणि प्रत्येकाने आधी दुसऱ्याचा पक्ष मांडावा, एवढाच नियम ठेवावा. अशा सभेला पोलीस बंदोबस्त लागेल, अशी हरकत निघेल. यात्रांनाही बंदोबस्त लागतो; त्याचा खर्च ज्या करांतून भागतो ते भरणारा आस्तिक की नास्तिक, याची चौकशी कोषागारात होत नाही.