ज्यांत कांहीं घडत नाहीं

गेल्या महिन्यांत एका शनिवारीं रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, आमच्या डोंबिवलीच्या घरीं सर्वांनीं मिळून एक चित्रपट पाहिला. सर्वांनीं म्हणजे ऐंशी उलटून गेलेली आई, थोरले बंधू, वहिनी, सौभाग्यवती, सुटीसाठीं ठाण्याहून आलेला पुतण्या व त्याची पत्नी, आणि महाविद्यालयांत जाणारी माझी धाकटी कन्या. एकत्र कुटुंबांत एवढ्या माणसांना रुचेल असा चित्रपट निवडणें हें लग्नाच्या पंक्तींतली भाजी ठरविण्याइतकेंच अवघड. तें काम त्या दिवशीं पुतण्याकडे होतें. त्यानें निवडलेला ‘ट्रेन ड्रीम्स’ हा अमेरिकन चित्रपट २०२५ सालचा असून नेटफ्लिक्सवर पाहावयास मिळतो. नांवांत आगगाडी आहे, तेव्हां पाठलाग, निदान एखादा दरोडा तरी असेल, अशा अपेक्षेनें मंडळी सरसावून बसली होती.

कथा थोडक्यांत सांगतों. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या वायव्य भागांतील अरण्यांत रॉबर्ट ग्रेनियर नांवाचा एक मजूर झाडें तोडतो, रेल्वेचे पूल उभारतो. कामासाठीं महिनोगणती घरापासून दूर राहतो. परत येतो, तों मुलगी थोडी मोठी झालेली असते. पुढें वणवा लागतो, आणि घर, बायको व मूल हीं त्यांत जातात. उरलेलें आयुष्य तो त्याच जागीं काढतो आणि एके दिवशीं मरतो. डेनिस जॉन्सन यांच्या एका छोटेखानी कादंबरीवरून क्लिंट बेंटली यांनीं हा चित्रपट केला. जोएल एजर्टन या नटानें ग्रेनियरची भूमिका इतक्या थोड्या शब्दांत केली आहे कीं, त्याच्यापेक्षां निवेदकच अधिक बोलतो.

अर्ध्या तासांत पुतण्या भ्रमणध्वनीकडे वळला. दादा म्हणाले, “हा तर मूकपटच! आणि मूकपटांत निदान तलवारी तरी असत.” वहिनी वणव्याच्या वेळीं उठून आंत गेल्या, त्या डोळे पुसूनच बाहेर आल्या. सौभाग्यवतींना नवल वाटलें तें निराळेंच. जळलेल्या जागेवर ग्रेनियर पुन्हां झोपडी बांधतो, ती कोणासाठीं? सूनबाईंच्या मनांतून मात्र तो चिनी मजूर जाईना. पुलाच्या कामावर इतर कामकरी त्याला धरून नेतात आणि वरून खालीं फेकतात. ग्रेनियर त्याला वाचवूं शकत नाहीं, आणि तो चेहरा जन्मभर त्याच्या पाठीस लागतो. चित्रपट संपल्यावर कन्येनें सरळच विचारलें, “बाबा, पण ह्यांत घडलें काय?”

दादांच्या शेऱ्यानें मला एक खराखुरा मूकपट आठवला होता. १९२५ सालीं कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे ‘सावकारी पाश’ काढला. कथा ना. ह. आपटे यांची. कर्जापायीं जमीन गमावलेला एक तरुण शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणींत मजूर होतो, एवढीच गोष्ट. शेतकरी झाले होते व्ही. शांताराम, वय अवघें चोवीस. तोंवर पडद्यावर देव, दैत्य, राजे आणि मावळे यांचीच वर्दळ असे, आणि ‘सैरंध्री’ व ‘सिंहगड’ काढून खुद्द पेंटरांनींच लोकांना ती गोडी लावली होती. त्याच लोकांपुढें आतां एक अंधारें खोपट आलें, आणि त्यापाशीं रडणारें एक कुत्रें. हें दृश्य पुढें चित्रपटनिर्माते झालेले जे. बी. एच्. वाडिया यांच्या मनांत इतकें रुतलें कीं, कित्येक वर्षांनंतरही त्यांनीं त्याची आठवण नमूद केली. मूकपटांतल्या कुत्र्याचा आवाज त्यांनीं कोणत्या कानानें ऐकला असेल? परंतु सामान्य प्रेक्षकाला हें वास्तव मानवलें नाहीं, आणि चित्रपट फारसा चालला नाहीं. १९३६ सालीं पेंटरांनीं तीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हां मांडली. मूळ मूकपट आज पाहावयास मिळत नाहीं.

त्या प्रेक्षकांना मी दोष देत नाहीं. सावकाराचा तगादा दोन घटका विसरावा म्हणून आलेल्या माणसाला पडद्यावर पुन्हां सावकारच भेटला, तर त्यानें पैसे कशाला मोजावे? आमच्या दिवाणखान्यांत मात्र कोणाचीच जमीन गहाण नव्हती. मग आम्हीं जांभया कां दिल्या?

एवढा वेळ आई कांहीं बोलली नव्हती. ती एकदम म्हणाली, “मेलेल्या सोबत्याचे जोडे त्यांनीं झाडाला खिळे मारून ठोकले, पाहिलेंस? आपल्या घाटांत तेवढें तरी कोणीं केलें?”

आपला घाट म्हणजे बोरघाट. १८५३ च्या १६ एप्रिलला मुंबईहून पहिली गाडी ठाण्यास आली. पुढच्या वर्षीं, १ मेला, रूळ खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोंचले. कल्याणास फांटे दोन; एक कसाऱ्याकडून थळघाटास जातो, दुसरा कर्जतेकडून बोरघाटास. बोरघाटाचें काम १८५६ त सुरू होऊन १८६३ त पुरें झालें. बोगदे पंचवीस. १८६१ त ह्या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसें होतीं. पटकीनें व अपघातांनीं हजारों मेलीं. १८५९ त तर थकलेल्या मजुरीवरून दंगाही झाला. पहिल्या कंत्राटदाराचें नांव फॅव्हिएल. दुसरे ट्रेडवेल येथें येऊन थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनीं काम तडीस नेलें. हीं नांवें पुस्तकांत आहेत.

आमच्या घरांत मात्र एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे : “घाटाचें काम आपल्या खापरपणजोबांनीं केलें.” तें एका पोटकंत्राटदाराकडे हजेरीचे कारकून होते. त्यांची एक लांबोडकी वही कल्याणास पारनाक्यावरच्या आमच्या वाड्यांत, माळ्यावरच्या पेटींत होती. लहानपणीं आजोबा ती काढून वाचून दाखवीत. मोडींत ओळीनें नांवें, नांवांपुढें दिवसांच्या खुणा, आणि मधूनच एखाद्या नांवावरून ओढलेली आडवी रेघ. “हा मेला का हो आजोबा?” असें मीं एकदां विचारलें होतें. आजोबा म्हणाले, “मेला असेल, नाहींतर पळाला असेल. हजेरींत दोघांना रेघ एकच.”

“काका, ती वही आतां कुठें आहे?” पुतण्यानें भ्रमणध्वनी खालीं ठेवून विचारलें.

१९९४ सालीं वाडा पाडून तेथें इमारत उठली. आजोबा तोंवर गेले होते आणि घरांत मोडी जाणणारें दुसरें कोणी उरलें नव्हतें. पेटीला वाळवी लागलेली. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ती ठेवणार कोठें? सगळे कागद मींच रद्दीवाल्याला बोलावून त्याच्या तराजूंत घातले. त्या दिवशीं माझ्या मनाला कांहींही वाटलें नाहीं. उलट अडगळ गेली म्हणून मीं सुटकेचा निःश्वास टाकला होता.

हें सांगितल्यावर कोणी कांहीं बोलेना. दादांनीं तेवढ्यांत सांभाळून घेण्यासाठीं म्हटलें, “अरे, तीं नुसतीं नांवें. वाचून कोणाला काय समजणार होतें?”

“एक तरी समजलें असतें,” सूनबाई म्हणाल्या, “आपल्या माणसानें घाट बांधला कीं लिहिला, तें.” वडिलांदेखत इतकें स्पष्ट बोलण्याची आमच्या घरीं रीत नाहीं. वहिनींनीं तिच्याकडे पाहिलें. दादा पानाच्या डब्याकडे वळले. आई मात्र मान हलवीत होती. ती मला म्हणाली, “अकरा किलो भरलें होतें रे तें सगळें. तूं पैसे आणून माझ्या हातावर ठेवलेस, त्यांतून मीं चहाचें गाळणें घेतलें होतें.”

तें गाळणें अजून आमच्या स्वयंपाकघरांत आहे.