विद्येच्या माहेरघरी अकरा महिने

पुण्यात महाविद्यालयीन प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की त्याच्या पाठोपाठ दुसरा एक हंगाम सुरू होतो. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतील विजेच्या खांबांवर ‘कॉट बेसिस’च्या चिठ्ठ्या चिकटतात आणि बीड, लातूर, नांदेडहून आलेले पालक मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन जिने चढू-उतरू लागतात. प्रवेशाचे शुल्क किती, हे त्यांना माहितीपुस्तिकेतून कळलेले असते. राहण्याचा खर्च किती, हे मात्र कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नसते. या चिठ्ठ्यांच्या जोडीला अलीकडच्या काही वर्षांत वेगळ्या थाटाची जाहिरात दिसू लागली आहे. पलंग, गादी, टेबल, फ्रिज, इंटरनेट, साफसफाई आणि बहुधा दोन वेळचे जेवणही एकाच आकारात. शिवाय करार हवा तितक्या महिन्यांचा. अशी सुसज्ज आणि लवचीक मुदतीची जागा विद्यार्थ्याला परवडते का, हा प्रश्न वरकरणी घरखर्चाचा वाटतो. वस्तुतः या शहरात कोणी शिकावे आणि कोणी शिकू नये, याच्याशी तो जाऊन भिडतो.

प्रथम हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या भागातील दर घालून पाहावेत. समजा, एखाद्या उपनगरात दोन शयनगृहांची रिकामी सदनिका महिना २४,००० रुपयांना मिळाली आणि तीत चौघे राहिले. प्रत्येकाच्या वाट्याला भाडे ६,००० रुपये. वीज, इंटरनेट व झाडलोटीचे १,००० आणि खाणावळीचे ३,५०० धरले, तर महिन्याचा खर्च १०,५०० होतो. परंतु आत पाऊल टाकण्यापूर्वीच एक महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, म्हणजे प्रत्येकी ६,००० द्यावी लागते आणि कॉट, गादी, टेबल, शेगडी यांवर, जुन्या बाजारातून घेतले तरी, १०,००० जातात. हे १६,००० परत न येणारे. तीन महिन्यांच्या अनामत रकमेतील १८,००० रुपयांचा वाटा निराळा. याउलट सुसज्ज जागेत जेवणासह सर्व मिळून महिना १४,००० रुपये पडतात असे मानू. दरमहा साडेतीन हजार रुपये अधिक, पण आरंभीचे सोळा हजार वाचले. म्हणजे साधारण साडेचार महिन्यांपर्यंत सुसज्ज जागा स्वस्त पडते आणि त्यापुढे ती महाग होत जाते. अकरा महिन्यांना साडेबावीस हजारांचा फरक पडतो. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार करून पदवीपर्यंतची तीन वर्षे काढली, तर तो जवळजवळ एक लाखावर जातो. या रकमेत कित्येक महाविद्यालयांतील पदवीचे संपूर्ण शुल्क भरून होईल.

तेव्हा परगावाहून नव्याने आलेला, शहराची माहिती नसलेला, प्रवेश टिकतो की बदलतो याची खात्री नसलेला विद्यार्थी पहिले एक सत्र अशा जागेत काढतो, यात उधळेपणा नाही. प्रवेशाच्या फेऱ्या अनेकदा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबतात. जुलैत एका महाविद्यालयाजवळ घेतलेली खोली सप्टेंबरात दुसऱ्या टोकाला निरुपयोगी ठरते. अशा वेळी लवचिकतेला पैशाच्या रूपात किंमत असते आणि ती देणे शहाणपणाचेही असते. तीन वर्षे तिथेच राहणारा मात्र वापर न केलेल्या सोयीचे भाडे भरत राहतो.

सुसज्ज जागेच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कोणी उघडपणे सांगत नाही. पुण्यात खोली शोधणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न भाड्याचा विचारला जात नाही. आडनाव विचारले जाते. त्यानंतर गाव, मग ‘खाणे’ कोणते, मग मित्र येतात का. मुलगी असेल तर प्रश्नांची यादी अधिक लांब. विद्यार्थ्यांना जागा द्यायची नाही, असा अलिखित नियम करणाऱ्या गृहरचना संस्थाही आहेत. बरेच जिने चढून उतरल्यावर आडनावाचा अर्थ त्या मुलाला पुरता कळतो. कंपनीच्या स्वागतकक्षातील कारकुनाला बहुधा आडनावाशी कर्तव्य नसते. त्याला आगाऊ रक्कम हवी असते. पैशाने माणसे तोलण्याला नावे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण जातीने तोलले जाण्यापेक्षा कित्येकांना ते सुसह्य वाटते. या सुटकेसाठी कोणी महिन्याला तीन हजार अधिक मोजत असेल, तर त्याला चैनी कसे म्हणावे?

खरी मेख करारात आहे. लवचीक करार कोणाच्या बाजूला वाकतो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले आणि त्यातून पळवाट म्हणून मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट धरली. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार असा परवानाधारक जागेत केवळ परवानगीने राहतो. जागेत त्याचा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. पुढे १९७३ साली विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरू मानले. त्या एका तारखेची धास्ती मालकवर्गाच्या मनातून पुढे कधी गेलीच नाही. खोल्या कुलूपबंद राहिल्या, पण भाड्याने दिल्या गेल्या नाहीत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने ही भीती दूर करण्याचा प्रयत्न केला. परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि मालकाला सक्षम अधिकाऱ्यापुढे जाऊन जागा परत मिळवता येते. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा पडली होती. महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. त्यामुळे त्या आकड्यात कायद्याचे बळ उरलेले नाही, केवळ सवय उरली आहे.

याचा अर्थ एवढाच की, मुदत आखूड असणे ही सोय मुळात विद्यार्थ्यासाठी जन्माला आलेली नाही. ती मालकाच्या संरक्षणासाठी आली आणि आता विद्यार्थ्याची सोय म्हणून विकली जात आहे. जाहिरातीत ‘हवे तेव्हा सोडा’ असे असते. कराराच्या आतल्या पानावर किमान वास्तव्याची अट असते. त्या मुदतीआधी जागा सोडली तर उरलेल्या महिन्यांचे भाडे किंवा सारी अनामत रक्कम जाते. जागा सोडताना रंगकाम, सफाई, मोडतोड अशा नावांनी वजावट होते, आणि परीक्षा संपवून गावी निघालेला मुलगा चार-पाच हजारांसाठी पुण्यात थांबून भांडू शकत नाही, हे वजावट करणाऱ्याला पक्के ठाऊक असते. काही ठिकाणी तर कराराला ‘सेवाकरार’ असे नाव देऊन नोंदणीच टाळली जाते. बहुतेक अशा इमारती कंपनीने दुसऱ्या मालकाकडून घेतलेल्या असतात. त्या दोघांचे बिनसले, तर मध्ये सापडलेल्या विद्यार्थ्याच्या हातात केवळ पावती राहते.

मालकाची बाजू अगदीच लंगडी आहे, असे नाही. त्याचे कर्जाचे हप्ते चालू असतात आणि वर्षाच्या मध्येच रिकामी झालेली खोली पुढच्या जूनपर्यंत भरत नाही. पण ही जोखीम त्याने भाड्याच्या दरात आधीच धरलेली असते. ती अनामतीतून दुसऱ्यांदा वसूल करण्याचे कारण नाही.

या अटींची खरी परीक्षा २०२० साली झाली. मार्च महिन्यात टाळेबंदी आली, विद्यार्थी पुस्तके आणि गाद्या खोलीत टाकून गावी गेले आणि भाड्याची मागणी दूरध्वनीवरून सुरू राहिली. राज्य शासनाने त्या एप्रिलमध्ये भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याच्या सूचना केल्या. पुढे ढकलणे म्हणजे माफ करणे नव्हे. तीन महिन्यांनी तीच थकबाकी एकत्र दारात उभी राहिली. स्पर्धापरीक्षेच्या उमेदवारांची स्थिती तर सर्वांत बिकट होती. राज्यसेवेची जी पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची, ती वारंवार पुढे जात अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. त्यापूर्वी ११ मार्चला पुन्हा पुढे ढकलल्याची घोषणा होताच नवी पेठेत हजारो उमेदवार रस्त्यावर उतरले.  आंदोलनाच्या बातम्यांत वयोमर्यादा आणि अभ्यासक्रम यांची चर्चा झाली. परंतु तारीख एक महिना पुढे गेली की खोली, खाणावळ आणि अभ्यासिका यांचा आणखी एक महिना शेतकरी बापाच्या माथी बसतो, हे गणित त्या घोषणांच्या मुळाशी होते. परीक्षेची तारीख सरकारने हलवायची आणि किमान वास्तव्याचा दंड विद्यार्थ्याने भरायचा, ही लवचिकता विचित्र म्हणावी लागेल.

करव्यवस्थेनेही या प्रश्नाकडे मालकाच्याच चष्म्यातून पाहिले आहे. जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला करातून सूट देण्याचे ठरवले. मात्र सलग ९० दिवस राहण्याची अट घातली. पर्यटकाच्या हॉटेलपासून विद्यार्थ्याची खोली वेगळी काढण्यासाठी अट हवी, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याला खरोखरच दोन महिन्यांची जागा हवी, त्या प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याला ती नेमकी बोचते.

असे असता या जागांना मागणी का, याचे उत्तर कंपन्यांच्या चातुर्यात शोधण्यापेक्षा वसतिगृहांच्या अभावात शोधावे. महाराष्ट्रात गरिबाच्या मुलाने शिकावे कसे, याचा विचार राहण्या-जेवण्याच्या सोयीपासूनच सुरू झाला होता. वारावर जेवून आणि माधुकरी मागून शिकलेल्यांची पिढी या शहराने पाहिली आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला आणि १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकाच छपराखाली ठेवले. पुण्यात १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली, तीही हीच गरज ओळखून. शाळेइतकेच छप्परही शिक्षणाचा भाग आहे, हे या मंडळींना कळले होते. त्यानंतरच्या दशकांत महाविद्यालयांच्या तुकड्या वाढल्या, विनाअनुदानित संस्थांचे पीक आले, पण प्रवेशक्षमतेला मान्यता देताना ‘ही मुले राहणार कोठे’ हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला नाही.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. तिची आखणी करताना मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांपैकी निवासाचे २०,०००. दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले तरी महिन्याला २,००० पडतात, म्हणजे वरच्या उदाहरणातील चौथ्या हिश्शाच्या भाड्याचाही केवळ तिसरा भाग. योजनेचा हेतू योग्य आहे. पण रक्कम वेळेवर हाती पडत नाही ही तक्रार कायमची, आणि घरमालक मात्र पाच तारखेला दार वाजवतो.

नवी वसतिगृहे एका वर्षात उभी राहणार नाहीत. करार सुधारण्याला मात्र इमारत लागत नाही. केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय ती मर्यादा लागू होत नाही. विद्यार्थी-निवासापुरती तरी महाराष्ट्राने ती आणावी. महाविद्यालय बदलल्याचे किंवा शासकीय परीक्षा पुढे गेल्याचे पत्र दाखवल्यास एक महिन्याच्या सूचनेवर जागा सोडता यावी आणि वजावटीसाठी पावती सक्तीची असावी, एवढी दोन कलमे नोंदणीच्या नमुन्यात घालणे अवघड नाही. करार नोंदवण्याची जबाबदारी आजही मालकाचीच आहे. त्यात कसूर केल्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे धरले जाते. महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवशी माहितीपुस्तिकेबरोबर ही एवढी माहिती हातात ठेवली, तरी बरेच काम होईल. वरच्या उदाहरणातील सदनिकेच्या नोंदणीचा खर्च काढला, तर मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आत आणि नोंदणी फी एक हजार. चौघांत वाटले तर प्रत्येकी सव्वाचारशे रुपये होतात.